बूट चावलेला कळत नसेल तर: मधुमेहींच्या मैदानी सामानाचं परीक्षण

नवा बूट चावतो. आपण थांबतो, नाडी सैल करतो, बूट काढून बघतो. चालणाऱ्या, धावणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या पायाची ही सगळ्यात जुनी राखण. मधुमेहात पायांच्या नसा मंदावल्या की नेमकी हीच राखण उठून जाते. बूट चावतच राहतो, पण पाय कुरकुरत नाही. चार तासांनी मोजा काढल्यावर डाग दिसतो. तोवर फोड आलेला असतो, फुटलेला असतो आणि त्याखालची कातडीही सोलवटलेली असते.

म्हणून या परीक्षणात सामानाला आम्ही एकच कसोटी लावली आहे. बूट, मोजे, बुटात घालायचे जेलचे तळवे, फोडांवरच्या पट्ट्या हे सगळं ‘मऊ’ आणि ‘आरामदायी’ म्हणून विकलं जातं. पण ज्याला तळव्याखालचं नीट कळत नाही, त्याला ‘घालून बघा, बरं वाटतंय का’ असं विचारण्यात अर्थ नसतो. आम्ही विचारलं ते असं: ही वस्तू दाब आणि घासणं खरोखर कमी करते का? आणि काही बिघडलंच तर ती ते दाखवते की झाकते? झाकणारी वस्तू कितीही मऊ असली तरी आमच्याकडे नापास आहे.

खरेदीआधी: पाय कोणत्या गटातला?

सगळ्या मधुमेहींना सारखंच सामान लागत नाही. मधुमेही पायांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाची (आयडब्ल्यूजीडीएफ) विभागणी इथे उपयोगाची आहे. पायाची संवेदना शाबूत आणि रक्तपुरवठाही चांगला असेल तर गट 0, तपासणी वर्षातून एकदा. संवेदना गेलेली किंवा रक्तपुरवठा कमी, यांपैकी एक असेल तर गट 1, तपासणी 6 ते 12 महिन्यांनी. दोन्ही असतील, किंवा एकासोबत पायाचा आकारही बदललेला असेल (वाकडी बोटं, बाहेर आलेलं हाड) तर गट 2, तपासणी 3 ते 6 महिन्यांनी. संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी आणि त्यात पूर्वी कधी जखम चिघळलेली, बोट किंवा पाय कापावा लागलेला किंवा मूत्रपिंड निकामी झालेलं असेल तर गट 3, तपासणी 1 ते 3 महिन्यांनी.

गट 0 मधल्या माणसाने चांगले मैदानी बूट घ्यावेत आणि बाहेर पडावं, पुढचं बरंचसं त्याने माहिती म्हणून वाचलं तरी चालेल. हे परीक्षण मुख्यतः गट 1 आणि 2 साठी आहे. गट 3 च्या माणसाने दुकानातून बूट उचलू नये. त्याचा बूट आणि आतला तळवा पायाच्या मापाने बनवून घ्यायचा असतो. पायावर उघडी जखम असेल तर कोणताच बूट ‘खेळासाठी योग्य’ नाही. ती भरेपर्यंत पायावर भार न येणारा व्यायाम करायचा, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

संवेदना तपासायला एक बिनखर्चाची पद्धत आहे, इप्सविच स्पर्शचाचणी. डोळे मिटून आडवं व्हायचं. दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तर्जनीने 1–2 सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाची राखण कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांकडून पक्की तपासणी करून घ्यायची.

दवाखान्यात वापरतात तो 10 ग्रॅमचा नायलॉनचा तंतू, म्हणजे मोनोफिलामेंट, घरी वापरायला सुटाही मिळतो. साधन उत्तम, पण घरासाठी आम्ही त्याची शिफारस करत नाही. तंतू वाकेपर्यंतच टेकवायचा असतो, घट्ट्यावर लावायचा नसतो, आणि वापराने व दमट हवेने त्याचा ताठपणा बदलतो. ढिला पडलेला तंतू 10 ग्रॅमच्या आधीच वाकतो. घरी बोट पुरेसं आहे, तंतू दवाखान्यात.

बूट

सगळ्यात जास्त चुका मापात होतात, आणि त्याही एकाच दिशेने. बधिर पायाच्या माणसाला बरोबर मापाचा बूट ‘ढगळ’ वाटतो, कारण त्याला पकड जाणवतच नाही. तो एक नंबर लहान घेतो. तो घट्ट बसतो, थोडंफार जाणवतं, आणि म्हणून ‘बरा’ वाटतो. पाय ज्याला बरा म्हणतो तोच बूट इथे घातक ठरतो. म्हणून माप पट्टीने घ्यायचं, जाणिवेने नाही.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय सुजल्यावर. उभं राहून घ्या, बसून नाही. दोन्ही पायांचं घ्या आणि मोठ्या पायाला बूट बसवा. बुटाची आतली लांबी पायापेक्षा 1 ते 2 सेंटिमीटर जास्त हवी. ती सगळ्यात लांब बोटापासून मोजायची, आणि ते बोट अंगठाच असेल असं नाही. त्याहून कमी असेल तर उतारावर बोटं पुढे आदळतात आणि नखाखाली रक्त साकळतं. जास्त असेल तर पाय आत मागे-पुढे सरकतो आणि टाच घासते. रुंदीचं माप चवड्यापाशी, बोटं जिथे सुरू होतात तिथे: बुटाची आतली रुंदी तिथल्या पायाच्या रुंदीइतकी हवी. पुढच्या भागाची उंचीही बघा. वाकड्या बोटांची टोकं आणि सांधे वरच्या कापडाला टेकता कामा नयेत.

दुकानात करण्यासारखी एक तपासणी आहे. बुटातला सुटा तळवा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजा घालून त्यावर उभे राहा. पायाची कड कुठेही तळव्याबाहेर येत असेल तर त्या जागी बूट चावणार हे ठरलेलंच. घरी कागदावर पायाची बाह्यरेषा काढून ती कापून नेली तर आणखी चांगलं. कागदी पाय बुटात सरकवायचा. तो दुमडला किंवा कडेला चढला, तर बूट परत करायचा. ज्या बुटाचा आतला तळवा निघतच नाही तो बूट आम्ही विचारातही घेतला नाही.

मग हात आत घाला आणि बोटं सगळीकडे फिरवा. बोटांच्या सांध्यांवरून जाणारी शिवण, चिकटवलेल्या पट्टीची कड, जिभेची जाड घडी हे सगळं हाताला लागतं. हाताला लागलं ते पायाला लागणारच. सलग विणलेलं किंवा शिवणीशिवाय जोडलेलं वरचं कापड यात उजवं ठरतं.

तळाची तपासणी: बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकायला हवा, मधोमध दुमडला तर नको. पिळून बघा, फडक्यासारखा पिळला गेला तर खडकाळ वाटेवर तो निरुपयोगी. ताठ तळामुळे टोकदार दगडाचा दाब एका बिंदूवर न राहता पसरतो. काटा-खिळा अडवण्याइतकी जाडीही हवी, कारण बधिर पायात काटा मोडला तर तो दुसऱ्या दिवशी मोजा चिकटल्यावर कळतो.

पुढे वर वळलेला, झोपाळ्यासारखा तळ (रॉकर) चवड्यावरचा दाब खरोखर कमी करतो. सपाट रस्त्यावर चालायला तो पास. पण ओबडधोबड वाटेवर आम्ही तो सुचवत नाही. नसा मंदावल्या की पाय नेमका कसा टेकला आहे हेही नीट कळत नाही, तोल आधीच कच्चा असतो, आणि रॉकर तो आणखी डळमळीत करतो. ज्याला चवड्यासाठी रॉकर लागतोच, त्याने वाट सोपी निवडावी आणि दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात. काठ्या या यादीतल्या सगळ्यात कमी दखल घेतल्या गेलेल्या वस्तू आहेत. उतरताना त्या भारही वाटून घेतात आणि तोलही सांभाळतात.

घोट्यापर्यंतचा की खालचा? घोट्यापर्यंतचा बूट खडे आत येऊ देत नाही, आणि ते मोठं काम आहे. पण त्याची वरची कड घोट्याच्या हाडावर घासते. ती गादीसारखी भरलेली हवी, आणि माप घेताना पाय पुढे-मागे झुकवून ती हाडाला कुठे लागते हे डोळ्यांनी बघायला हवं. खालचा बूट घेतला तर त्यावर खडे अडवणारं कापडी आवरण, म्हणजे गेटर, चढवा.

पाणी अडवणाऱ्या पडद्याच्या बुटांबद्दल आमचं मत फारसं अनुकूल नाही. थंडीत, ओल्या गवतात ते कामाचे आहेत. उन्हात मात्र घाम आतच राहतो. ओढा ओलांडताना पाणी वरून आत गेलं तर ते बाहेर पडत नाही आणि बूट वाळायला फार वेळ लागतो. दमट कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घासते. उष्ण हवेत जाळीदार बूट आणि जादा मोज्यांचा जोड हाच व्यवहार बरा.

पातळ तळाचे, ‘अनवाणी चालण्याचा अनुभव’ देणारे आणि पाच बोटं वेगळी असलेले बूट नापास. ते तळव्याच्या जाणिवेवर विसंबून बनवलेले असतात. पुढून उघडे सँडलही नापास, अंगठ्यात अडकवायची चप्पल तर नक्कीच: पट्टा बोटांच्या बेचकीत कापतो आणि तिथे कोणी बघत नाही. पाण्यातल्या खेळांना बंद टोकाचे, पाणी निथळणारे जोडे घाला आणि बाहेर आल्यावर लगेच बदला. वाळू तापली आहे की नाही हे बधिर पायाला कळत नाही, त्यामुळे किनाऱ्यावरचे चार पावलांचे अंतरही अनवाणी नको.

सायकलच्या बुटांना ताठ तळ असतो, ते चांगलंच आहे. त्रास होतो तो पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटमुळे: ती चवड्याच्या एकाच हाडाखाली आली तर दाब तिथेच साठतो. क्लीट थोडी मागे सरकवा. तिचे स्क्रू आतून वर आलेत का हे दर वेळी हाताने बघा.

नाडी आणि पहिले 15 दिवस

महागातला बूट नाडीने बिघडतो, साधा बूट नाडीने सुधारतो. टाच उचलली जात असेल तर सगळी नाडी आवळू नका. शेवटच्या दोन भोकांतून त्याच बाजूला लहान फास करा, समोरची नाडी त्यातून ओवा आणि मग बांधा. टाच बसते, पायाचा वरचा भाग मोकळा राहतो. पायाच्या वर एखादं हाड उंचावलेलं असेल तर त्या जागी नाडी आडवी न नेता सरळ वर न्या, म्हणजे तिथे खिडकी राहते. उतार सुरू होण्याआधी नाडी पुन्हा बांधायचीच.

नवा बूट पहिल्या दिवशी घरात अर्धा ते एक तास, ज्या मोज्यांवर आणि तळव्यावर तो वापरणार त्यांच्यासकट. मग काढा, पाय उजेडात बघा. लाल ठिपका 20–30 मिनिटांत गेला नाही तर तिथे दाब पडतो आहे. दोन वेगळ्या दिवशी त्याच जागी लाल दिसलं तर बूट सैल होईल या आशेवर राहू नका. काही नसेल तर रोज तासाभराने वाढवा. साधारण दोन आठवड्यांनी पहिली छोटी वाट. मोठ्या मोहिमेच्या सकाळी नवा बूट पहिल्यांदा घालणं ही सगळ्यात सरसकट होणारी चूक आहे. एका दिवसात बूटही नवा आणि अंतरही दुप्पट, असं झालं की नंतर कारण शोधताही येत नाही.

मोजे

बुटानंतर पैसे घालायचे तर इथे. आमची पहिली अट रंगाची: फिके, शक्यतो पांढरे. काळ्या मोज्यावर रक्त, पाणी, पू काहीच दिसत नाही, पांढऱ्यावर पहिला थेंबही दिसतो. मळतात म्हणून बहुतेक मैदानी मोजे गडद रंगात येतात, आणि ‘मधुमेहींसाठी’ असा शिक्का असलेले मोजेही सर्रास काळे-राखाडी मिळतात. तो शिक्का बघून घेऊ नका.

दुसरी अट शिवणीची. मोजा उलटा करा आणि बोटांवरची शिवण अंगठा-तर्जनीत धरा. दोऱ्यासारखी उंच लागली तर नको. हाताने जोडलेली सपाट शिवण लागतच नाही. उंच शिवणीचा मोजा हाताशी असेल आणि दुसरा नसेल, तर तो उलटा घाला.

तिसरी, धागा. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो, दोन तासांत ओला पोतेरा होतो. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर-नायलॉनचं मिश्रण घाम बाहेर नेतं. चौथी, वरची इलास्टिक: मोजा काढल्यावर पिंढरीवर खोल वळ उमटत असेल तर तो परत करा.

दुहेरी थराचे मोजे आम्हाला विशेष आवडले, आणि त्याचं कारण फोड कसा येतो यात आहे. फोड नुसत्या वरवरच्या घासण्याने येत नाही. घामाने कातडी मोज्याला धरून राहते, आत हाड पुढे-मागे सरकत राहतं, आणि मधले कातडीचे थर ताणले जाऊन फाटतात. त्या फटीत पाणी साठतं. दुहेरी मोज्यात सरकणं दोन कापडांमध्ये होतं, कातडीत नाही. तोटा एवढाच की मोजा जाड होतो, म्हणून बुटाचं माप तोच मोजा घालून घ्यायला हवं. एका मापाचा बूट आणि नंतर घेतलेला जाड मोजा, ही घट्ट बुटाकडे नेणारी चोरवाट आहे.

दाब देणारे, पिंढरी आवळणारे मोजे धावणाऱ्यांमध्ये बरेच चालतात. पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ते मधुमेहीने घालू नयेत. धमन्या अरुंद झालेल्या असतील तर आवळण्याने उरलेला पुरवठाही कमी होतो.

दिवसभराच्या वाटेसाठी तीन जोड: एक पायात, एक दुपारी बदलायला, एक ओढ्यात पडलात तर.

आतले तळवे

दुकानात टांगलेले पारदर्शक जेलचे तळवे दाबायला छान लागतात आणि पायाखाली निराश करतात. ते जड असतात, गरम होतात, बुटात सरकतात आणि जागा खाऊन बूट घट्ट करतात. बुटातला मूळ तळवा न काढता त्यावर ते टाकले तर बोटं वरच्या कापडाला भिडतात. नापास.

पायाच्या आकाराने, पूर्ण तळव्याला टेकणारा तळवा बनवून घेतला तर चवड्याच्या एका हाडावरचा भार कमानीकडे आणि टाचेकडे वाटला जातो. हेच खरं काम. बहुतेकदा त्यात दोन थर असतात: वर मऊ फोम, खाली ईव्हीए नावाचा ताठ फोम. वरचा फोम प्लॅस्टाझोटसारखा (हलका, मऊ पॉलिथिलीन फोम) असेल तर तो पायाचा आकार पटकन घेतो, पण तितक्याच पटकन चेपतो. दर महिन्याला अंगठ्याने दाबून बघा. दाबल्यावर उसळत नसेल, किंवा एखाद्या हाडाखाली खड्डा पडून खालचा ताठ थर लागत असेल, तर तो संपला. दिसायला नवा असला तरी संपला.

फोडावरच्या पट्ट्या, घट्ट्यावरची मलमं

मैदानी प्रथमोपचार पेटीतली सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे फोडावर लावायची जाड, जेलीसारखी हायड्रोकोलॉइड पट्टी. चांगली संवेदना असलेल्या पायाला ती वरदान आहे. बधिर पायासाठी आम्ही ती नापास केली. ती कित्येक दिवस तशीच ठेवायची असते, ओल धरून ठेवते, आणि तिच्याखाली पांढरट गर दिसतो. तो नेहमीचा आहे की पू, हे बाहेरून सांगता येत नाही. संसर्ग झाला तर एरवी दुखून कळतं, इथे दुखतच नाही. ओढून काढताना फोडाचं छप्परही सोबत निघतं.

याच कामाची उलट बाजूची वस्तू मात्र पूर्ण पास आहे: गुळगुळीत पट्टी, जी पायाला नाही तर बुटाला चिकटवतात. टाचेच्या कपात किंवा आतल्या तळव्यावर, जिथे नेहमी लाल होतं तिथे. बूट कोरडा आणि पुसलेला हवा, पट्टीच्या कडा गोल कापलेल्या हव्यात, नाहीतर कोपरा सुटून गुंडाळी होते आणि तीच टोचते. घासणं कमी होतं आणि पाय उघडा, बघता येण्याजोगा राहतो. व्हॅसलीनसारखं वंगणही चालतं, पण तासा-दोन तासांत संपतं आणि नंतर धूळ धरतं. पावडर ओली झाली की तिचे गोळे होतात. आम्ही ती बुटात टाकणार नाही.

फोड आलाच तर: न फुटलेला फोडू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, टिपून कोरडा करा, न चिकटणारी जाळी ठेवा, वर कागदी चिकटपट्टी. बोटाभोवती पट्टीचा पूर्ण वेढा घालू नका, सूज आली की तोच फास होतो. जमेल तेवढं चालणं थांबवा. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत ओतू नका. फुटलेला, रक्ताचा किंवा पाणी झिरपणारा फोड 24 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लाली पसरत असेल, पू किंवा वास असेल, कातडी काळी पडली असेल किंवा ताप आला असेल तर त्याच दिवशी.

कुरूप आणि घट्टे घालवणाऱ्या सॅलिसिलिक आम्लाच्या पट्ट्या आणि द्रव: ठाम नापास. आम्ल घट्टा आणि चांगली कातडी असा भेद करत नाही, आणि भाजलेलं कळत नाही. ब्लेडने घरी तासणं त्याहून वाईट. पण घट्टा तसाच ठेवायचाही नाही. तो बुटातल्या खड्यासारखा वागतो, आणि प्रशिक्षित माणसाने तो काढला की त्या जागचा दाब सुमारे पाव हिश्शाने उतरतो. घट्ट्याखाली काळसर डाग दिसला तर ते रक्त आहे, आत जखम असू शकते.

कोरड्या, भेगाळ टाचांना 10 ते 25 टक्के युरियाचं मलम रात्री लावा. ते पास, आणि थंडीच्या आधीपासूनच. भेग पडल्यावर ती भरायला वेळ लागतो. बोटांच्या बेचक्यांत मात्र मलम नाही. तिथे ओल राहते, चिखल्या होतात, आणि चिखल्यांच्या चिरेतून जंतू आत जातात. बेचक्या फक्त कोरड्या करायच्या. चिखल्या झाल्याच तर बुरशीवरचं मलम, जसं टर्बिनाफिन, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका, आणि बाहेर पडायच्या दोन-तीन दिवस आधीच कापा. बारीक चीर पडली असली तर ती निघण्याआधी दिसते.

हात-पाय गरम करणाऱ्या रासायनिक पुड्या, शेकोटीजवळ पाय, गरम पाण्यात पाय बुडवणं: तिन्ही नको. पाय धुवायचं पाणी 37 अंश सेल्सिअसच्या खाली, आणि ते पायाने नाही तर कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने तपासायचं.

राखणीची साधनं

हरवलेल्या दुखण्याची जागा घेईल अशी तीन साधनं आम्हाला पटली.

पहिलं, फोनचा गजर. निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासाने, आणि मग दर तासाला. गजर झाला की बसायचं, दोन्ही बूट-मोजे काढायचे, तळवा फोनच्या कॅमेऱ्यात किंवा आरशात बघायचा, बेचक्या उघडून बघायच्या, बूट उलटा करून झटकायचा, आत हात फिरवायचा. याला पाच मिनिटं लागतात. ‘आता जवळच आलंय’ म्हणून पुढे ढकलला जातो तोच थांबा बहुतेकदा महाग पडतो. नजर अधू असेल तर हे काम सोबत्याचं.

दुसरं, पावलं मोजणारं घड्याळ. आयडब्ल्यूजीडीएफच्या 2023 च्या मार्गदर्शनात गट 1 आणि 2 च्या लोकांना रोजच्या चालण्यात 1,000 पावलांची भर बहुधा सुरक्षित असल्याचं म्हटलं आहे, पण योग्य पादत्राण आणि कातडीवर लक्ष या अटींवर. आठवडाभर 4,000 पावलं आणि रविवारी एकदम 25,000, हा आकडा घड्याळात दिसला की थांबवता येतो. पायाची कातडी सवयीच्या भाराला सरावते, अचानक आलेल्या भाराने फाटते.

तिसरं, कातडीचं तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर. गट 2 आणि 3 च्या माणसाने तो घ्यावाच असं आम्ही म्हणू. जखम उघडण्याआधी ती जागा आतून सुजते आणि तापते, पण डोळ्यांना अजून काही दिसत नसतं. सकाळी, चालण्याआधी, दोन्ही पायांवर त्याच सहा जागा मोजा: अंगठा, चवड्याचं पहिलं, तिसरं आणि पाचवं हाड, पायाचा मधला भाग, टाच. डाव्याची तुलना उजव्याच्या त्याच जागेशी. फरक 2.2 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त आणि तो सलग दोन दिवस राहिला, तर चालणं कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. मोजताना अंतर दर वेळी सारखं ठेवा, कारण लांबून धरलं की तो मोठ्या भागाची सरासरी दाखवतो. उन्हातून आल्यावर, धावून आल्यावर किंवा एक पाय पांघरुणाखाली असताना घेतलेले आकडे निरुपयोगी. कपाळाला लावायचे तापमापक बहुधा शरीराच्या तापाचा अंदाज करून आकडा दाखवतात. पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा प्रकार त्यात नसेल तर घेऊ नका.

एका गोष्टीसाठी थर्मामीटरची वाट बघायची नाही. एक पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला, जखम नाही, दुखणंही फारसं नाही: हा मुरगळलेला पाय समजून त्यावर चालत राहिलं तर आतली मऊ पडलेली हाडं मोडून पायाचा आकार कायमचा बिघडू शकतो. याला शार्को पाय म्हणतात. त्या क्षणापासून त्या पायावर भार नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

कधी बदलायचं

धावण्याच्या बुटाचा मधला फोम साधारण 500 ते 800 किलोमीटरमध्ये बसतो. वरून बूट चकाचक असतो, त्यामुळे जिभेच्या आत वापर सुरू केल्याची तारीख लिहा. टाचेचा कप आतून फाटला, मोजा टाचेशी पारदर्शक झाला, तळ एका बाजूला झिजला, की तेवढ्यावरच बदला. झिजलेल्या तळावर पाय एका कडेला झुकतो आणि दाब नव्या जागी जातो.

जुना जोड मात्र लगेच टाकू नका. पुढच्या तपासणीला तो, त्यातला चेपलेला तळवा आणि शेवटचे मोजे पिशवीत घालून न्या. तळ कुठे झिजला, फोममध्ये कोणत्या हाडाखाली खड्डा पडला, मोज्याला कुठे डाग आहे, हे तपासणाऱ्याला त्यावरून दिसतं. पुढचा बूट आणि तळवा त्या खड्ड्यांकडे बघून ठरवायचा.